गांडुळांना आंबील

येळवशीच्या दिवशी आमच्या गावात चोर शिरला, तर त्याच्यावर भुंकायला कुत्रंसुद्धा सापडायचं नाही. माणसं शेतात, गुरं शेतात, आणि उंड्या-भज्जीच्या वासानं कुत्रीही मालकाच्या मागं शेतात. कॅलेंडरात वेळ अमावस्या छापलेलं असतं, आम्ही येळवस म्हणतो. थंडी पडलेली असते, ज्वारी कमरेच्या वर गेलेली असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांना निवद दाखवायचा, आणि मग रस्त्यानं जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. कळंबची बाजारपेठ त्या दिवशी कुलूप लावून मोकळी होते. एसटीत ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंच गप्पा मारत जातात, आणि त्यांनाही कुठंतरी गाडी थांबवून कुणीतरी आंबील पाजतंच.

हे सगळं आधी सांगितलं त्याला कारण आहे. गेल्या साली नेमक्या त्याच दिवशी आमच्यावर वेळ आली, आणि गावात हाक मारावी तर ओ द्यायला कुणी नव्हतं. आता वर्ष उलटलं. यंदाची येळवस सुखानं पार पडली, जीव भांड्यात पडला, म्हणून आता निवांत बसून लिहिते आहे.

गोष्ट माझ्या पुतणसुनेची, म्हणजे धाकट्या दिराच्या सुनेची. माझी जाऊ लवकर गेली. त्यामुळं ही पोर लग्न होऊन आली तेव्हापासून तिला सासू म्हणा, आई म्हणा, भांडायला मैत्रीण म्हणा, मीच. मला ती मोठी आई म्हणते, सासऱ्याला मामा म्हणते. नवरा सोलापूरला गाडीवर असतो, सुट्टी मिळेल तसा येतो. म्हणजे घरात दिवसभर दोघंच, सून आणि सासरा. बोलणं मोजकं. "मामा, भाकरी वाढलीय." "व्हय." झालं संभाषण.

आमच्या बचत गटात एका संस्थेच्या ताई यायच्या. बायांनी असा धंदा काढावा की घरात चार पैसे येतील आणि मातीचंही भलं होईल, असं त्यांचं म्हणणं. कुणी उन्हाच्या पेटीत कांदा वाळवायला घेतला, कुणी निंबोळ्या गोळा करून फवारणीचा अर्क करायला लागली. आमच्या सुनेनं गांडूळ खत धरलं. मी विचारलं, "अगं, एवढं सगळं सोडून गांडुळंच का?" तर म्हणते, "मोठी आई, शेण आपलं, पालापाचोळा आपला, आणि काम करणारी रात्रंदिवस करत्यात. मला फक्त त्यांना गार ठेवायचंय." मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला आवडलं.

पहिली गांडुळं तिला तामलवाडीकडच्या एका बाईनं दिली. आम्ही दोघी गेलो होतो तिच्याकडं बघायला. त्या बाईनं स्टीलच्या डब्यात ओलं शेणखत घातलं, त्यात मूठभर गांडुळं सोडली, वरून फडकं बांधलं आणि डबा हिच्या हातात दिला. शेजारणीला विरजण द्यावं ना, अगदी तसं. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "खव्याचे पेढे का?" मी म्हटलं, "व्हय, पण उपासाचे न्हाईत." सून खिडकीकडं तोंड करून हसत होती.

शेतातल्या गोठ्याला लागून, लिंबाच्या सावलीत, तिनं विटांचा हौद बांधला. हौदाची एक भिंत आणि म्हशीच्या दावणीची भिंत एकच. तिथंच आमच्या भाऊजींच्या पोटात दुखायला लागलं. म्हणजे माझ्या दिरांच्या. त्यांना त्या जागी दुसरी म्हैस बांधायची होती. ते सुनेला तोंडावर काही बोलायचे नाहीत. मला ऐकवायचे, तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

"लोकाच्या सुना शेळ्या पाळतेत, कोंबड्या पाळतेत. आमची सून किडे पाळायली. पाव्हण्यांनी इचारलं, सूनबाई काय करतेत, तर काय सांगू वहिनी?"

"सांगा की, सूनबाईनं गडी ठेवलेत. रात्रंदिवस राबतेत, आणि चहा बी मागत न्हाईत."

"गडी! म्हशीची जागा खाऊन बसलेत तुमचे गडी."

शेवटी दिवाळीनंतर त्यांनी निकाल देऊन टाकला. येळवस होऊ द्या. तोवर बाहेरून कुणी हे किडे विकत न्यायला आलं, तर हौद राहू दे. नाही आलं, तर विटा काढायच्या आणि तिथं दावण घालायची. सून खाली मान घालून "बरं" म्हणाली. मी मात्र रात्रभर कूस बदलत होते. खत थोडंफार खपत होतं, पण गांडुळं विकत न्यायला कोण येणार? ज्याच्या शेतात गांडूळ नाही त्यालाही वाटतं, माती उकरली की फुकट मिळतंय.

आणि मग उमरग्याकडच्या बायांचा फोन आला. संस्थेच्या ताईंनीच आमच्या सुनेचं नाव सांगितलं होतं. त्यांच्या गटानं हौद बांधून ठेवले होते, शेण कुजवून गार करून ठेवलं होतं, आणि आता त्यांना बीज पाहिजे होतं. गांडुळाचं बीज म्हणजे जिवंत गांडुळंच, वाढवायला घ्यायची. येळवस झाली की दोन दिवसांनी येतो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर सून माझ्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "मोठी आई, मामांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटंल, मी जिंकले म्हणून दाखवायली."

केवढी समज बघा पोरीला! मी सांगितलं. भाऊजी म्हशीला वैरण टाकायला निघून गेले. पण दुसऱ्या दिवसापासून एक गंमत मी बघितली. ते हौदापाशी जाऊन उभे राहायला लागले. पोत्याचं टोक उचलायचं, आत डोकवायचं, परत झाकायचं. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून. हौदातलं थोडं खत त्यांनी चोरून वांग्यांनाही घातलं होतं. वांगी अशी तुकतुकीत आली की भरतासाठी येळवशीला तीच काढायची, असं त्यांनीच ठरवलं.

तर येळवस उजाडली.

आंबील आदल्या दिवशी मीच केलेली. ताकात ज्वारीचं पीठ शिजवायचं, लसूण-जिरं वाटून लावायचं, बेतानं मीठ, आणि रात्रभर आंबू द्यायची. शेंगा-पालेभाज्यांची घोटून केलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाची पोळी, आंबट भात, वांग्याचं भरीत. डोक्यावर टोपली, तिच्यावर आंबिलीची बिंदगी. बिंदगी म्हणजे आमचा गळ्याचा तांब्याचा हंडा, आतून कल्हई केलेला. पुतण्या सोलापूरहून आला होता. पाव्हणे आले होते, आणि कळंबच्या शाळेतले एक गुरुजी, दरवर्षी येतात, पांढरी पँट कडक इस्त्रीची. पूजा झाली, पांडवांना निवद दाखवला, मग गुरुजींनी आंबिलीचा पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "वहिनी, मीठ अगदी बरोबर पडलंय." मला काय, बरं वाटलं.

आता शेताला आंबील शिंपायची. हा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. बिंदगी खांद्यावर घ्यायची, ज्वारीचं धाट आंबिलीत बुडवायचं आणि पिकावर शिंपत, ओलगे ओलगे असं आरडत सगळ्या बांधानं फिरायचं. पिकाला, बांधावरच्या बोरीला, विहिरीला, सगळ्यांना थोडं थोडं. वर्षभर ज्यांनी दिलं त्यांना एक दिवस आपण द्यायचं. भाऊजींचा आवाज अजून खणखणीत आहे. लांबून लांबून ऐकू येत होता. इकडं पंगत बसली, सून वाढत होती. मग आवाज गोठ्याच्या अंगाला गेला, थोडा वेळ थांबला, आणि भाऊजी रिकामी बिंदगी हातात लोंबकळवत, घामेजून, हसत हसत परत आले. त्यांना असं हसताना मी जाऊ गेल्यापासून बघितलं नव्हतं.

सुनेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दिलं गं."

"काय दिलं, मामा?"

"तुझ्या गड्यांना. सगळ्या शिवाराला शिंपून जे उरलं ते समदं त्यांना दिलं. पोटभर. झाकून ठिवलेल्याला निवद कसा पोचंल, म्हणून पोतं बी काढलं."

भज्जीची पळी सुनेच्या हातात तशीच राहिली. ती माझ्याकडं वळली आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "मोठी आई, मीठ घातलं होतं ना?"

घातलं होतं. आणि अगदी बरोबर पडलं होतं.

गांडुळाचं अंग म्हणजे उघडं आतडं समजा. मीठ लागलं की चटका. आंबट चालत नाही, तिखट चालत नाही, लसूण नको. आणि आंबिलीत यातलं काय नव्हतं? सुनेनं पळी भज्जीत सोडली, पदर खोचला आणि पळत सुटली. मागून मी, माझ्यामागून पुतण्या, आणि काय झालं ते न कळता पाव्हणेही हातातला उंड्याचा तुकडा तसाच घेऊन.

हौदावर पांढरा थर बसला होता. आंबील घट्ट, ती वरच साचलेली, आणि कडेनं आत झिरपत चाललेली. वर काही गांडुळं पडली होती, पांढुरकी, ढिली. तेवढ्यात मुंग्यांनाही वास लागला होता, भिंतीवरून त्यांची रांग निघालेली. सुनेनं खालच्या भोकातला चिंधीचा बोळा ओढून काढला आणि म्हणाली, "वरचा थर काढा आणि पाणी सोडा. गोडं पाणी. धुऊन खालनं निघून जाऊ दे."

पाणी कुठलं? विहिरीला पाणी होतं, पण मोटार चालवायला लाईट नव्हती. त्या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची होती. एरवी शेजारच्याचं इंजिन मागितलं असतं, पण शेजारी नदीपलीकडं बहिणीच्या येळवशीला. गुरुजींना सुचलं. गोठ्यात पाठीवरचा फवारणीचा पंप होता, त्यात थोडं पाणीही होतं. त्यांनी तो उचलला, पाठीला लावला आणि नळी हौदावर धरली.

"हात लावू नका त्याला!"

ही आमची सून ओरडली. सासऱ्यासमोर कधी खाकरलीसुद्धा नसेल ती. गुरुजी जागेवर थिजले.

"हरभऱ्याला अळीचं औषध मारलंय त्या पंपानं. थेंब पडला तर उरलीसुरली बी जातील." आणि मग त्याच दमात, "गुरुजी, माफ करा, पण तेवढं खाली ठेवा."

गुरुजींनी पंप असा ठेवला जणू त्यात नाग आहे.

पुतण्यानं बैलाचा कासरा सोडला, बादलीला बांधला आणि विहिरीवर उभा राहिला. गुरुजी त्याच्यामागं कासरा ओढायला. मग रांग लागली. येळवशीची नवी लुगडी, नवे सदरे, आणि हातात घागरी. जेवणाची भांडी रिकामी केली आणि तीही लावली. एक पाव्हणीण म्हणाली, "अगं बया, लग्नात बी एवढं पाणी वाहिलं न्हाय म्या." तिचा नवरा म्हणाला, "तवा सासरा बघत हुता, आता गांडुळं बघायलीत."

मी वरचा थर हातानं घमेल्यात भरत होते. सून पाणी सोडत होती, हळूहळू, पावसासारखं, कारण धबाधबा ओतलं तर बुडूनच मरायची. खालच्या भोकातून आधी ताकासारखं पांढरं आलं, मग चहासारखं तांबूस.

आणि भाऊजी? ते लिंबाखाली उभे. रिकामी बिंदगी अजून हातातच, गळ्याला धरलेली.

"म्या तर देवाचं दिलं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

सुनेनं मान वर केली. बोलायला तिला वेळ नव्हता, रागवायची तर सोयच नव्हती. "मामा, तुम्ही सावलीला बसा," म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली. पण मी त्यांचं तोंड बघितलं. उंबऱ्याबाहेर काढल्यासारखं झालं त्यांना. एवढ्या दिवसांनी मन वळलेलं, कधी नव्हे ते स्वतःच्या हातानं द्यायला गेले, आणि तेच असं उलटलं. आता हे परत गप्प झाले, तर जन्मभर या हौदाकडं बघायचे नाहीत. गांडुळं एक वेळ परत तामलवाडीहून डब्यात आणता येतील. हे कुठून आणायचं?

मी म्हटलं, "भाऊजी, बसताय काय? बिंदगी रिकामीच हाय की. भरून आणा."

त्यांनी बिंदगी सावरून धरली. मग गेले विहिरीकडं, रांगेत उभे राहिले. ज्या बिंदगीनं आंबील ओतली होती तीच घासून, पाण्यानं भरभरून ते आणत राहिले.

खालून स्वच्छ पाणी यायला लागलं तेव्हा सुनेनं हात थांबवला. बाह्या वर केल्या आणि मधोमध हात घातला, कोपरापर्यंत. मूठभर खत वर काढलं, तळहातावर पसरलं. काही नाही. परत घातला, थोडा पलीकडं. एक गांडूळ, तेही हलेना. परत. नुसतं ओलं खत. म्हैस पलीकडं रवंथ करत होती. सून हौदाच्या कडेला टेकली आणि तशीच बसली, खताचे हात मांडीवर टाकून. तिनं नेसलेली येळवशीची नवी पिवळी साडी सगळी शेणानं भरलेली. म्हणाली, "त्या बायांना फोन करावा लागंल. आज त्या बी शेतातच असतील."

मला वाटलं, संपलं. उद्या विटा निघणार.

तेवढ्यात भाऊजींनी बिंदगी खाली ठेवली. ते हौदाच्या पलीकडच्या अंगाला गेले, जिथं म्हशीची भिंत आहे. थोडा वेळ म्हशीकडं बघितलं. म्हैस भिंतीला पाठ लावून बसलेली, थंडीत बसते तशी. मग या माणसानं, ज्यानं कधी त्या किड्यांना बोट लावलं नव्हतं, त्यानं बाही न सरकवता भिंतीलगत हात घातला. खोल. चाचपला. आणि वर काढला.

पुरणाचा गोळा असावा एवढा गोळा होता. नुसता गांडुळांचा. तांबडी, ओलसर, एकमेकांत गुंतलेली आणि सगळी वळवळत.

"हितं हायती की गं," ते म्हणाले. "थंडीची म्हशीच्या पाठीला चिकटून बसल्यात."

सून उठली नाही, उडालीच. दोन्ही हातांनी भिंतीकडचं खत उकरलं. तिथंही होती, त्याच्याखाली होती, कोपऱ्यात तर कालवण ढवळल्यासारखी. रात्रीच्या गारठ्यानं ती आधीच मधून सरकून म्हशीच्या उबेला गेलेली. आंबील ओतली गेली मधोमध, आणि ही मंडळी भिंतीलगत निवांत. वरची गेली तेवढी गेली, बाकी सगळी जिवंत.

मग सून रडायला लागली. हसतही होती. तोंड पुसायला गेली तर सगळं शेण तोंडाला. भाऊजींच्या हातातला गोळा अजून तसाच, त्यांना कळेना काय करावं. "धर की गं, गुदगुल्या व्हायल्यात," म्हणाले. आणि सगळे असे हसले, असे हसले, की नदीपलीकडून कुणीतरी आरडून विचारलं, "काय झालं रेऽ?"

गुरुजी म्हणाले, "काय न्हाय, जेवायला या!"

जेवायला बसलो तेव्हा उन्हं कलली होती. भज्जी गार, उंडे कडक, आंबील संपलेली. पाव्हण्यांची कापडं चिखलानं भरलेली, गुरुजींच्या पांढऱ्या पँटीचा रंग सांगण्यासारखा राहिला नव्हता. पण एवढं गोड जेवण मी कुठल्या येळवशीला जेवले नाही. भाऊजींनी दोनदा भज्जी मागून घेतली. सुनेनं वाढली. वाढताना म्हणाली, "मामा, तुम्ही हात घातला म्हणून."

ते म्हणाले, "म्हशीमुळं." आणि थोड्या वेळानं, ताटाकडं बघतच, "दुसरी म्हैस पलीकडच्या अंगाला बांधू. त्या भिंतीला बी ऊब पाहिजे."

एवढंच. पण मी ऐकलं, सुनेनं ऐकलं.

दोन दिवसांनी उमरग्याकडच्या बाया आल्या. पहाटेच निघालेल्या, दोन ठिकाणी गाडी बदलून. सोबत ओली पोती, आणि डब्यांत त्यांच्या येळवशीची उरलेली भज्जी, आमच्यासाठी. बोलताना मधेच कानडी शब्द घालायच्या, मला अक्का म्हणायच्या. सुनेनं त्यांना हौद दाखवण्याआधी सगळं खरं सांगून टाकलं. काय झालं, किती वाचली, आज थोडी कमी देते, वाढली की राहिलेली देते. मी मनात म्हटलं, आता या बाया एकमेकींकडं बघतात आणि रिकाम्या पोत्यांनी परत जातात.

तर त्यातली एक जाडजूड बाई तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. "अक्का, बरं झालं सुनेनं सांगितलं! आमचा म्हातारा रिकाम्या हौदालाच आंबील शिंपून बसलाय परवा. भरलेला असता तर?"

दुसरी म्हणाली, "माझी सासू बी शिंपणार. ती तर म्हशीला बी आंबील पाजती."

सून त्यांना सांगायला लागली, हौद कसा धुवायचा, ओल किती ठेवायची. तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला. भाऊजी तिथं दोरी वळत बसले होते, ऐकत नाही असं दाखवत.

"पथ्य सांग त्यांना आधी," ते म्हणाले. "मीठ न्हाय, आंबट न्हाय, तिखट न्हाय, लसूण न्हाय." मग बायांकडं वळून, "माझ्या डॉक्टरनं मला जे सांगितलंय ना, तेच पथ्य हाय बघा त्यांना. फरक एवढाच, ते पाळतेत."

बायांनी पोती भरली. आत ओलं खत, त्यात गांडुळं, वरून सैल बांधलेलं तोंड. भाऊजींनी पोती उचलून रस्त्यापर्यंत नेऊन दिली, आणि टमटमवाल्याला तीनदा सांगितलं की उन्हात ठेवू नको, जिवंत हायती. टमटमवाला घाबरून विचारतो, "काय हाय आत?" तर म्हणाले, "गडी."

त्या बायांची गांडुळं वाढली. उन्हाळ्याच्या आधी त्यांचा फोन आला, की आता त्यांच्याकडं बीज मागायला पलीकडच्या गावच्या बाया आल्यात. सुनेनं फोन मोठ्या आवाजावर लावून सगळ्यांना ऐकवला. आमच्याकडं आता हौद वाढलेत, आणि पलीकडच्या भिंतीला खरंच दुसरी म्हैस आली आहे. जागेवरून कुरकुर चालते अजून, नाही असं नाही. पण आता ती कुरकुर सून आणि सासरा समोरासमोर करतात, माझ्या कानावरून नाही. मला त्यामुळं जरा रिकामपण आलंय, हे खरं.

यंदाच्या येळवशीला भाऊजींनी दोन बिंदग्या भरल्या. एक आंबिलीची. सगळ्या शिवाराला शिंपून आले, तीच आरोळी, तोच खणखणीत आवाज. मग ती रिकामी बिंदगी खोपीत उपडी घातली आणि दुसरी उचलून गोठ्याकडं गेले. आम्ही जेवायला बसलो होतो, गुरुजी होते, या वेळी काळी पँट घालून आलेले. तिकडून ओलगे ओलगे ऐकू आलं, पण हळू, झोपलेल्या लेकराजवळ बोलावं तसं.

मग लांबूनच ओरडले, "दिलं गं! नुसतं पाणी हाय!"

सून उंडा मोडत होती. उठली नाही, वळलीसुद्धा नाही.

"चाखून बघितलंत का, मामा?"

तिकडं बिंदगी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भाऊजी म्हणाले, "थांब, बघतो." आणि गुरुजींना असा ठसका लागला की मला त्यांची पाठ चोळावी लागली.